आधी चौकट

ह्या घराला दार आधी आलं आन् भिंती मागून आल्या. तुम्ही पाणी प्यायला टेकलात आन् उंबऱ्यावर हात फिरवून विचारलंत ना, की बाई, भिंती तर धड हायेत, मंग चौकटच अशी उन्हापावसानं चिरलेली कशी? म्हणून सांगते. न्हाईतर मी कुणाला सांगायला जात न्हाई. ज्याचं जळतं त्याला कळतं. बसा निवांत. तुमच्या गाडीचं चाक बसवून होईस्तोवर ऊनही उतरंल.

ही गोष्ट माझ्या सासूची. गोजरबाई तिचं नाव. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. तिचा एकुलता एक लेक म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हाई, पण तुम्ही परगावच्या, घोटाळा नको म्हणून एकदाच घेते: धर्मराज. जालन्याच्या तहसील कचेरीत चपराशी हायेत. आता पुढं मी 'आमचे हे' म्हणीन, तुम्ही समजून घ्या.

आत्याबाई वाटूरची सून. सासरी रान थोडं आन् दीर तिघं. माझे सासरे म्हणाले, रानाचे चार तुकडे करून चौघांनी उपाशी राहण्यापरीस मी आपला जालन्याला जातो. म्हणून ते कापसाच्या जिनिंगात कामाला लागले आन् जुन्या जालन्यात एका गल्लीत खोली भाड्यानं घेऊन राह्यले. आमचे हे तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील. मंग मानमोडीची साथ आली. तुमच्याकडं पण आली असंल, ती काय गाव बघून येती? सासऱ्यांना तिसऱ्या दिवशी घरघर लागली. घरमालक दारात आला आन् हात जोडून म्हणाला, बाई, माझ्या घरात जीव जाऊ देऊ नका, नक्षत्र वाईट हाय.

रीत तुम्हाला ठाऊकच असंल. वाईट नक्षत्रावर माणूस गेलं की ते घर तीन महिने, सहा महिने बंद ठेवायचं, चूल पेटवायची न्हाई, दिवा लावायचा न्हाई. मालकाच्या पोटावर पाय. म्हणून भाडेकऱ्याचं मरण आलं की त्याला उचलून बाहेर ठेवायचं. सगळेच ठेवायचे. त्या मालकाला मी शिव्या देत न्हाई, त्याच्या जागी मी असते तर मी तरी काय केलं असतं, देव जाणे.

सासऱ्यांना गल्लीच्या तोंडाशी ठेवलं. अश्विनातलं ऊन, झाड न्हाई, झुडूप न्हाई. आत्याबाईनं लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी वर धरला आन् त्यांच्या तोंडावर सावली केली. सकाळी धरला तो दुपार कलेपर्यंत. हात खाली आला की तोंडावर ऊन येई, म्हणून खाली घेतलाच न्हाई. येणारेजाणारे बाजूनं वाट काढून जात होते. असा माझा सासरा गेला.

हे मला आत्याबाईनं कधी सांगितलं न्हाई बरं का. आमच्या ह्यांनी सांगितलं, ते पण लग्नाला पाच वर्षं झाल्यावर. आत्याबाई ते दुखणं अंगावर काढून बसली होती. तिच्या वागण्यातून मात्र दिसायचं.

भाड्याच्या भिंतीला तिनं उभ्या जन्मात एक खिळा ठोकला न्हाई. आपलं सामान गाठोड्यात. लुगडी गाठोड्यात, डाळ-दाणा गाठोड्यात, सासऱ्यांचा एक जुना रुमाल होता डोक्याला बांधायचा, तो पण गाठोड्यात. मी नवी नवरी आले तेव्हा आरसा लावायला खिळा मागितला. तर म्हणाली, पोरी, दुसऱ्याच्या भिंतीला भोक पाडू नये, काढताना माती पडती आन् मालकाचं तोंड वाकडं होतं. मला राग आला. मनात म्हटलं, कंजूष म्हातारी. तुळस लावली तर ती पण फुटक्या घागरीत, म्हणजे निघताना उचलून नेता येईल. मी आल्यापासून सात वर्षांत तीन खोल्या बदलल्या आन् त्याच्याआधी चार. दर खेपेला ती तुळशीची घागर आत्याबाईच्या डोक्यावर. जिनिंगात सरकी वेचून वेचून तिची बोटं वाकली होती, पण ती घागर दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई.

शेवटची खोली रतनलालजींच्या घरात. मारवाडी माणूस, कापडाचं दुकान, बोलायला गोड आन् वागायला पण बराबर. त्यांची बायको जमनाबाई तर आत्याबाईच्या पाया पडायची. आम्ही मागल्या अंगाला राहायचो आन् मागल्या दारानं जायचो-यायचो. ते दार इतकं ठेंगणं होतं की मी घागर घेऊन गेले की डोकं आपटायचं. आधीच्या खोल्यांची दारं पण तसलीच. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या दारांत डोकं आपटून घेतलं. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

मंग सरकारी तेराशे अठ्ठेचाळीस फसली साली, आता नऊ वर्षं झाली त्याला, कचेरीत हुकूम आला. खालच्या नोकरांना, म्हणजे चपराशी, शिपाई, ह्यांना अंबडच्या रस्त्याला सरकारी जागा मिळणार आन् घर बांधायला सरकार कर्ज देणार. पगारातून दर महिन्याला काटून घेणार. आमचे हे हुकूम गावभर पोचवणारे, पण हा हुकूम त्यांना स्वतःला लागू होतो हे त्यांच्या डोक्यात आठ दिवस शिरलं न्हाई. नाझरसाहेबांनीच बोलावून सांगितलं, अरे धर्मराज, तू अर्जी का करत न्हाईस? नाझरसाहेब म्हणजे कचेरीतले मोठे कारकून, पिकली दाढी, कायद्याला एकदम कडक. जामीन लागत होता. रतनलालजी जामीन राह्यले. भाडेकरू जाणार हे ठाऊक असून राह्यले, हे पण सांगितलं पाहिजे.

कर्ज तीन हप्त्यांत मिळणार होतं. पहिला हप्ता पाया खोदून दगड भरायला. भिंती छातीइतक्या आल्या की नाझरसाहेब येऊन बघणार, मंग दुसरा. तिसरा छताला. नाझरसाहेबांनी आमच्या ह्यांना दोनदा बजावलं, आधी पाया, मंग बाकीचं.

ज्या दिवशी पहिला हप्ता आला, त्या दिवशी आत्याबाई जागेवर गेली. नुसतं माळरान, दोन बोरी आन् दगडगोटे. तिनं ती जागा झाडून काढली. वेडी म्हातारी, माळ झाडून राह्यली. झाडून झाल्यावर खाली बसली आन् जमिनीवर हात ठेवून म्हणाली, "धर्मा, मला हितं मरायचंय. आपल्या घरात. मला कुणी बाहेर काढू नये." आमचे हे म्हणाले, माय, पावसाळ्याच्या आधी छत घालू. तेवढंच बोलणं झालं.

आता माझी चूक ऐका. चूक माझीच. कुणी म्हणत न्हाई, पण मी म्हणते.

माझ्या माहेरी, वडीगोद्रीच्या अंगाला, घराची चौकट उभी राह्यली की घर झालं. चौकटीला हळद-कुंकू लावायचं, पिवळ्या फडक्यात नारळ बांधायचा, सुताराला फेटा द्यायचा, भावकीला जेवण. भिंती काय, त्या मागून येतातच. कुणी विचारलं की सांगायचं, चौकट बसली. की समोरचा म्हणतो, वा, घर झालं तुमचं. पाया भरला असं कुणी कुणाला सांगत न्हाई. पायाचं कौतुक कोण करतं?

रखमाजी सुताराकडं एक सागवानी चौकट तयार पडून होती. कुणा पाटलानं सांगितल्ती आन् मंग नेली न्हाई. वरच्या पट्टीवर गणपती, दोन्ही अंगांना वेल. आन् उंची अशी की डोक्यावर घागर घेऊन बाई ताठ आत जाईल, थोडं वाकलं तरी देवाला वाकल्यासारखं. मी ती बघितली आन् माझं चित्त तिथंच राह्यलं. जोशी म्हणाले, मार्गशीर्ष संपायला नऊ दिवस, मंग पौष, पौषात काही करू नये. झालं. मी ह्यांच्या मागं लागले. चौकट आत्ताच बसली पाहिजे. हे म्हणाले, अगं, नाझरसाहेब म्हणाले आधी पाया. मी म्हटलं, नाझरसाहेबांना आपल्या रीती काय ठाऊक? दोन दिवस मी ताटावरून उठून गेले. बाईचा हट्ट, तुम्हाला काय सांगायचं.

आत्याबाई एकदाच बोलली. "सोने, आधी पाया भरू दे. चौकट कुठं पळून जाती?" मी फणकारले. म्हटलं, तुम्हाला गाठोड्यात राहायची सवय झालीय, मला न्हाई. असं बोलले मी तिला. आज जीभ झडावी वाटती. 

चौकट बसली. समोरच्या अंगाचा तेवढा पाया भरला, बाकी तीन अंगांना नुसत्या खुणा. उरलेला पैसा चौकटीत, सुताराच्या फेट्यात आन् पुरणाच्या जेवणात गेला. चाळीस पानं उठली. जमनाबाई आल्या, ओटी भरली. चपराशांच्या बायका आल्या आन् सगळ्या म्हणाल्या, सोनूबाई, घर झालं तुमचं. मी डोक्यावर घागर घेऊन त्या चौकटीतून आत गेले. आत म्हणजे काय, माळरानावरून माळरानावर. पण डोकं आपटलं न्हाई. मी हसले. आत्याबाईनं चौकटीला हात लावून कपाळाला लावला आन् ती पण हसली.

पौषात नाझरसाहेब बघायला आले. घोड्यावरून उतरले आन् उभेच राह्यले. मोकळ्या माळावर एक दार उभं. ह्या अंगाला माळ, त्या अंगाला माळ, मधून एक शेळी गेली. साहेबांनी विचारलं, हे काय हाय? आमचे हे म्हणाले, घर हाय, सरकार. साहेब हसले न्हाईत. तसा माणूस हसणारा न्हवताच. म्हणाले, भिंती कुठं हायेत? हे म्हणाले, येतील, सरकार, आमच्यात चौकट आधी बसती. साहेब म्हणाले, सरकारात आधी बसत न्हाई. चौकटीच्या बाजूनं चालत जाऊन त्यांनी पायाची मापं घेतली आन् गेले.

दोन दिवसांनी मोहोरबंद लखोटा औरंगाबादेला पोचवायला दिला, तो आमच्याच ह्यांच्या हातात. चपराशाचं कामच ते. आगगाडीनं गेले, बड्या कचेरीत लखोटा दिला, आन् तिथल्या मुन्शीनं फोडून मोठ्यानं वाचला. आमच्या घराबद्दल एकच ओळ होती. "दरवाजा मौजूद, मकान नदारद." दार हाय, घर न्हाई. सगळी कचेरी हसली म्हणे. हे पण तिथं उभे होते, पट्टा लावून. दुसरा हप्ता थांबला. भिंती आपल्या खर्चानं छातीइतक्या चढवा, मंग अर्जी करा.

हे घरी आले आन् ती ओळ सांगितली. मला वाटलं आता बोलतील, मारतील, काहीतरी करतील. काही न्हाई. जेवले आन् झोपले. त्या दिवसापासून चौकटीचं नावच घरात बंद झालं. चार महिने. हे माझ्याशी बोलायचे, पीठ आणलं का, पाणी भरलं का, पण माझ्याकडं बघून बोलायचे न्हाईत. बोलणारा नवरा परवडला, बाई. गप राहणाऱ्याच्या पुढं माणूस रोज मरतं.

मी कंबर कसली. पगार आधीच काटून येत होता, मजूर लावायला पैका न्हवता. मी आपल्या हातानं पांढरी माती खणली, ओढ्यावरून पाणी आणलं, तुडवली आन् भिंत घालायला लागले. हे सुट्टीच्या दिवशी यायचे, मुकाट्यानं माती उचलून द्यायचे. तुम्हाला ठाऊक हाय, मातीची भिंत थरानं चढती. एक थर हातभर, आन् तो वाळल्याबिगर वरचा ठेवता येत न्हाई. घाई केली की बसती. मी एकदा घाई केली आन् एक अख्खा थर बसला. त्यात पायाच न्हवता धड, आधी दगड वेचून तो भरायचा होता. फाल्गुनापर्यंत पाया आवरला. चैत्रात भिंत घोट्यापर्यंत आली, मंग गुडघ्यापर्यंत. ओढा आटला. पाणी लांबून आणायचं, मातीला घालायचं का प्यायला ठेवायचं, अशी गत झाली.

आन् तिकडं आत्याबाई झिजून चालली होती. पोटात अन्न ठरेना. वैद्य म्हणाले, आता वैशाख काढला तर काढला. मी भिंतीकडं बघायची आन् तिच्याकडं बघायची. देवाला म्हणायची, भिंत छातीइतकी येऊ दे, मंग हिला ने. गुडघा कुठं आन् छाती कुठं.

त्यातच रतनलालजींच्या पोरीचं लग्न आखितीचं, अक्षय तृतीयेचं ठरलं. घरात रंग, मांडव, वऱ्हाडाला खोल्या. लग्नाला पाच दिवस उरले आन् आत्याबाईची वाचा जड झाली. जोशांना विचारलं तर ते म्हणाले, पुढले पाच दिवस पंचक हाय, नक्षत्र बरं न्हाई. म्हणजे तेच. वीस वर्षांनी तेच येऊन उभं राह्यलं.

रतनलालजी काही बोलले न्हाईत. खरं सांगते, एक शब्द न्हाई. जमनाबाई तेवढ्या मुगाचं पाणी घेऊन आल्या. हात हळदीनं पिवळे होते, पोरीला हळद लावूनच आल्या होत्या. आत्याबाईच्या उशाशी बसल्या, चमच्यानं पाणी पाजायला लागल्या आन् एकाएकी त्यांना रडू कोसळलं. आत्याबाईनं त्यांचा तो पिवळा हात धरला, बघितला, आन् मला म्हणाली, "पोरीच्या अंगाला हळद लागलीय. मला आपल्या घरी न्या."

जमनाबाई म्हणाल्या, न्हाई न्हाई, असं करू नका, आम्ही बघून घेऊ काय व्हायचं ते. आमचे हे दारात उभे होते. मी त्यांना लग्नापासून कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं न्हवतं. त्या दिवशी ऐकलं.

"माय, बापाला उघड्यावर घालवलं. मी बघितलंय. आता तुला पण उघड्यावर नेऊ?"

मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, धरणी दुभंगावी आन् मला पोटात घ्यावी. चौकटीच्या पैशात पाया भरला असता, वेळेवर दुसरा हप्ता आला असता, तर आज छत असतं. हे त्यांच्या मनात होतं, माझ्या मनात होतं, आन् ती खोली इतकी लहान की ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

आत्याबाई म्हणाली, "उघड्यावर कुठं, धर्मा? चौकट हाय ना तिथं."

दुसऱ्या दिवशी बाजेवर घालून नेलं. कचेरीतले चौघं चपराशी आले खांदा द्यायला. मी पुढं, डोक्यावर तुळशीची घागर आन् काखेत तिचं गाठोडं. आधीच्या दिवशी आम्ही चार बल्ल्या रोवून, वर बाभळीच्या फांद्या आन् लुगडी टाकून सावली केली होती. गुडघाभर भिंतीच्या आत. चपराशी बाजेसकट बाजूनं भिंत ओलांडून जायला निघाले, सोपं होतं ते. आत्याबाईनं हात वर केला. बोलायचं त्राण न्हवतं, पण बोट चौकटीकडं. बाज चौकटीत मावंना, रुंद होती. मंग आमच्या ह्यांनी बाज खाली ठेवायला लावली, माईला दोन्ही हातांवर उचललं आन् चौकटीतून वाकून आत नेलं. आत जाता जाता तिनं हात लांब करून गणपतीची पट्टी चाचपली. आमची मार्गशीर्षातली हळद तिथं वाळून बसली होती, ती तिच्या बोटाला लागली.

तीन दिवस ती त्या घरात राह्यली. मी घरच म्हणते. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिला जरा हुशारी आली. मला जवळ बोलावलं आन् म्हणाली, सोने, एक खिळा दे. मला कळंना. म्हणाली, खिळा ठोक चौकटीला, माझं गाठोडं टांग. मी रखमाजीकडून खिळा आणला आन् आमच्या ह्यांनी दगडानं ठोकला. हा बघा, आतल्या अंगाला, हात लावून बघा. त्याला तिचं गाठोडं टांगलं. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत पडून राह्यली. तेव्हा मी तिचे पाय धरले. म्हटलं, आत्याबाई, मी तुम्हाला गाठोड्यावरून बोलले, मी तुमचं छत घालवलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. दिवस मावळला तरी तो काढला न्हाई.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत गेली. जमिनीवर घेतलं होतं, तोंडात तुळशीचं पान होतं, त्याच घागरीतल्या तुळशीचं. कुणी तिला बाहेर काढलं न्हाई.

माणसं जमली. चारी बाजूंनी मोकळं, भिंत गुडघ्याइतकी, जो तो जवळ पडंल तिकडून ओलांडून आत आला. बायका आल्या तशाच, चपराशी आले तसेच. घाईत कोण बघतं? रतनलालजी लग्नघरातून निघून आले. शुभकार्य असताना मयताला शिवत न्हाईत, म्हणून लांब रस्त्याच्या कडेला पगडी काढून उभे राह्यले, शेवटपर्यंत.

मंग घोडा थांबल्याचा आवाज आला. नाझरसाहेब. मी पदर ओढून घेतला. घोड्यावरून उतरले तिथून भिंत ओलांडून आत यायला चार पावलं होती. पण ते रस्त्यानं वळून पार चौकटीसमोर आले. चौकटीच्या बाहेर जोडे काढले, बराबर एकाशेजारी एक ठेवले. आमचे हे आत उभे होते, त्यांच्याकडं बघून साहेबांनी विचारलं, "आत येऊ का?" हे म्हणाले, या, सरकार. मंग ते म्हातारं माणूस चौकटीखाली मान वाकवून आत आलं.

बाई, मी आत्याबाई गेली तेव्हा रडले न्हवते. तेव्हा रडले.

त्यांनी कागदावर काही बदललं न्हाई, आन् आम्ही मागितलं पण न्हाई. नियम तो नियम. भिंती छातीइतक्या झाल्या दसऱ्याला, तेव्हा दुसरा हप्ता आला. माळवद, मातीचं छत, घातलं पुढच्या उन्हाळ्यात. काटणी चालू राह्यली ती गेल्या महिन्यापर्यंत. आता हे घर सरकारचं न्हाई, रतनलालजींच्या जामिनीवरचं न्हाई, आमचं हाय. आज दंग्याच्या भीतीनं माणसं गाव सोडून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं चालली हायेत, तुम्हीही चाललात. मला पण सगळे म्हणतात, सोनूबाई, दिवस बरे न्हाईत, चला. मी न्हाई म्हणते, आन् का ते सांगत बसत न्हाई.

पण त्या दिवसाचं राह्यलंच. तिरडी बांधली ती आतच. उचलल्यावर चौघांनी कुणी न सांगता तोंड चौकटीकडं केलं. अरुंद जागा, खांदे घासत होते, पण तिला दारातूनच बाहेर काढलं. बायकांनी मसणात जायचं न्हाई म्हणून मी मागं राह्यले. जिथं ती गेली तिथं सारवलं आन् दिवा लावला. वारं होतं, म्हणून भोवती चार दगड ठेवले.

दुपार कलल्यावर आमचे हे परत आले. अंगावर ओलं धोतर, अनवाणी. मला वाटलं, येतील सरळ, ऊन लागत होतं. ते चौकटीच्या बाहेर येऊन थांबले. मयताहून आलेलं माणूस कडुलिंबाचा पाला चावून, पाय धुऊन मंग घरात येतं, तसे उभे राह्यले. मी पाला आन् तांब्या घेऊन उंबऱ्याशी गेले. पायावर पाणी घातलं. त्यांनी पाला चावला, थुंकला आन् चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

म्हणाले, "चौकट आधी बसवली, बरं केलंस."

मंग वाकून आत आले आन् दिव्यापाशी बसले.